सहा सेंटिमीटर कुठे गेले?

४ सप्टेंबर २०२४, पॅरिस, स्ताद द फ्रान्स. पॅरालिम्पिकमधली पुरुषांची गोळाफेक, गट एफ-४६. एका हातात व्यंग असलेल्या खेळाडूंचा हा गट. निकाल असा लागला: कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट १६.३८ मीटर, सुवर्ण. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी १६.३२, रौप्य. क्रोएशियाचे लुका बाकोविच १६.२७, कांस्य. तीन पदकं अकरा सेंटिमीटरांत, म्हणजे जेमतेम अर्धी वीत.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. प्रक्षेप्य गतीचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा, धडा आला की आधी मीही सगळ्यांसारखी फळ्यावर तोफ काढायचो. आता तोफ बंद केली. हा निकाल लिहितो आणि विचारतो: सुवर्ण आणि रौप्य यांच्यामधले हे सहा सेंटिमीटर कशाचे? वेगाचे, कोनाचे की उंचीचे?

उत्तर ठरलेलं असतं. "सर, कोन चुकला असणार. पंचेचाळीस अंशांत टाकायला हवा होता."

पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्याची उलटतपासणी आहे. सुरुवातीलाच कबूल करतो की त्या दिवशी गोळा कोणत्या वेगाने, कोणत्या कोनात आणि किती उंचीवरून सुटला याची मोजमापं माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे आहे ती टेपने मोजलेली अंतरं आणि न्यूटनचे नियम. बाकी आकडे मी धरून चाललोय, आणि जिथे धरलेत तिथे तसं सांगतो.

आधी टेप

गोळाफेकीत अंतर मोजायची रीत मुलांना माहीत नसते, आणि ती माहीत नसेल तर सहा सेंटिमीटरांवर बोलण्यात अर्थ नाही. वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं. पुढच्या कडेला दहा सेंटिमीटर उंचीचा पांढरा स्टॉप बोर्ड. गोळा पडल्यावर जमिनीवर जो ठसा उमटतो त्याची वर्तुळाकडची, म्हणजे जवळची कड धरायची आणि तिथून टेप वर्तुळाच्या केंद्राकडे ताणायची. वाचन मात्र बोर्डच्या आतल्या कडेपाशी घ्यायचं. सेंटिमीटरच्या आतला उरलेला भाग सोडून द्यायचा. १६.३२९ मीटर गोळा गेला तरी कागदावर १६.३२ च. त्यामुळे आपले सहा सेंटिमीटर प्रत्यक्षात पाच ते सात यांच्यामध्ये कुठेही असू शकतात.

जाता जाता, सेक्टरचा, म्हणजे गोळा ज्या पाचरीसारख्या भागात पडावा लागतो त्याचा, कोन ३४.९२ अंश असा विचित्र का, असं मुलं विचारतात. मैदानावर कोनमापक लागू नये म्हणून. वर्तुळाच्या केंद्रापासून दोन्ही रेघांवर दहा-दहा मीटर मोजा, त्या दोन खुणांमध्ये बरोबर सहा मीटर भरतात. शाळेच्या मैदानावर चुना आणि टेप एवढ्यावर काम होतं.

चौदा सत्तावीस

आता गणित. खिलारींचा हात गोळा सोडताना जमिनीपासून २.२ मीटर उंच होता असं धरू. खरं तर सुटताना हात बोर्डच्या थोडा पुढे गेलेला असतो, ते सोपेपणासाठी सोडून देऊ. या उंचीवरून १६.३२ मीटर गाठायला कमीत कमी किती वेग लागेल? सेकंदाला ११.८३ मीटर. तासाला साधारण ४२ ते ४३ किलोमीटर.

हाच वेग मुलांच्या हाती देतो आणि त्यांचं पाठ असलेलं सूत्र लावायला सांगतो: यू स्क्वेअर साइन टू थीटा बाय जी (यू म्हणजे वेग, थीटा म्हणजे कोन, जी म्हणजे गुरुत्व त्वरण). पंचेचाळीसला साइन टू थीटा म्हणजे एक. उत्तर येतं १४.२७ मीटर. वर्गात शांतता. मग कोणीतरी म्हणतं, सर, वेग चुकीचा दिलात.

वेग बरोबर आहे, सूत्रच दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. ते जिथून उडवलं त्याच पातळीवर पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. पंचेचाळीस अंश हा मुळात तोफखान्याचा आकडा. इटलीत टार्टालिया या गणितज्ञाने १५३७ साली तो मांडला, गॅलिलिओने पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, अन्वस्त (पॅराबोला) मार्गाच्या आधारे त्याला भूमितीची सिद्धता दिली. तोफेचा गोळा कोसभर जाणार, तिथे तोंडाची दोन हात उंची कोण विचारतो? पण सोळा मीटरच्या फेकीत २.२ मीटर उंची ही चिल्लर नव्हे. चौदा सत्तावीस आणि सोळा बत्तीस यांच्यातले दोन मीटर पाच सेंटिमीटर हे त्या उंचीचं देणं आहे. गोळा हाताच्या पातळीला परत आला तरी त्याला अजून खाली पडायचं असतं, आणि पडता पडता तो पुढे सरकतच राहतो.

म्हणूनच कोनही बदलतो. खाली पडायला जादा वेळ फुकट मिळतोय तर वर उडवण्यावर वेगाचा एवढा खर्च कशाला करायचा? थोडा कमी उभा, थोडा जास्त आडवा. २.२ मीटर उंची आणि ११.८३ वेग यांना सर्वांत लांब नेणारा कोन निघतो ४१.२ अंश. त्या फेकीचं चित्र असं: गोळा ०.७९ सेकंदात जमिनीपासून ५.३ मीटरवर पोचतो, मग १.०४ सेकंद खाली येतो. एकूण उड्डाण १.८३ सेकंद. जमिनीवर आदळताना वेग सेकंदाला साडेतेरा मीटर आणि उतरण्याचा कोन ४८.८ अंश. सुटतानाचा आणि पडतानाचा कोन यांची बेरीज करून बघा. ४१.२ अधिक ४८.८, बरोबर नव्वद. हा योगायोग नाही. कोणत्याही उंचीवरून सर्वांत लांब जाणाऱ्या फेकीत सुटतानाची दिशा आणि पडतानाची दिशा एकमेकींना काटकोनात असतात. मला स्वतःला हा निष्कर्ष सूत्रापेक्षा जास्त आवडतो, पण परीक्षेत विचारत नाहीत.

आता पंचेचाळीसचा निकाल लावू. तोच वेग, तीच उंची, कोन तेवढा ४५ अंश. गोळा जातो १६.२० मीटर. बारा सेंटिमीटर कमी. बाकोविच यांची फेक १६.२७ ची. म्हणजे वर्गाने सुचवलेला कोन घेतला असता तर सोनं सोडाच, कांस्यही हातचं गेलं असतं.

सहाची फोड

मग ते सहा सेंटिमीटर मिळवायला काय करावं लागलं असतं? तीन रस्ते, एका वेळी एकच बदलून पाहू.

वेग वाढवायचा तर सेकंदाला फक्त अडीच सेंटिमीटरने. ११.८३ ऐवजी ११.८५ आणि वर थोडं. टक्केवारीत ०.२. उंची वाढवायची तर सात सेंटिमीटर, कारण या फेकीत उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर पल्ल्यात पाऊण सेंटिमीटरहून थोडी जास्त भर टाकतो. आणि कोन? सर्वोत्तम कोन साधलेलाच असेल तर कोनातून एक सेंटिमीटरही मिळणार नाही. तो साधलेला नसेल तरी सहा सेंटिमीटर गमवायला जवळपास तीन अंश चुकावं लागतं. डोंगराचा माथा सपाट असावा तसं हे आहे: माथ्यावर चार पावलं इकडेतिकडे झालात तरी उंची फारशी उतरत नाही. वेगाला मात्र असा माथा नाही, तो सरळ चढच आहे. एक टक्का वेग म्हणजे २९ सेंटिमीटर.

याचा पुरावा खिलारींच्या स्वतःच्या सहा फेकींत आहे. १४.७२, १६.३२, १६.१५, १६.३१, १६.०३, १५.९५. पहिली आणि दुसरी यांच्यात १.६० मीटरचा फरक. हा फरक केवळ कोनाचा असता तर पहिल्या वेळी गोळा एक तर २६ अंशांत किंवा ५५ अंशांच्या वर सुटायला हवा होता. या पातळीवरचा खेळाडू एवढा चुकत नाही. वेगाने हिशोब केला तर उत्तर अगदी माणसाला शोभणारं येतं: सेकंदाला ११.८३ ऐवजी ११.१५. पहिल्या फेकीत माणूस अंग राखून टाकतो, फाउल होऊ नये म्हणून सांभाळतो, हे मैदानावर उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

दुसरी आणि चौथी फेक बघा. १६.३२ आणि १६.३१. एक सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला चार मिलिमीटरचा फरक. मधल्या काळात वाट पाहणं, घाम पुसणं, इतरांच्या फेकी बघणं हे सगळं होऊन शरीराने तोच वेग सेकंदाला चार मिलिमीटरच्या आत पुन्हा काढला. (कोन आणि उंचीही थोडी हललीच असणार, पण बेरीज तीच आली.) मला या जोडीचं रौप्यपदकाइतकंच कौतुक वाटतं.

मग खेळाडू ४१ लाही का टाकत नाहीत?

इथे प्रकरण खरं रंगतं. दर्जेदार गोळाफेकपटूंच्या फेकींची चित्रफितींवरून मोजणी झाली आहे, आणि त्यांचे कोन साधारणपणे ३५ ते ४० अंशांच्या आसपास सापडतात. गणित म्हणतं ४१, माणूस टाकतो ३७-३८. पहिली प्रतिक्रिया अशी की खेळाडूंना तंत्र सुधारायला वाव आहे. मीही काही वर्षं हेच सांगत होतो, आणि ते चूक होतं.

चूक अशी: आपण वेग स्थिर ठेवून कोन बदलतोय. कागदावर ते चालतं, खांद्यात चालत नाही. गोळा हातातून सुटायच्या आधी खेळाडू त्याला एका तिरक्या रेषेत ढकलत असतो. त्या रेषेत गुरुत्व त्याच्या विरोधात काम करतं. रेषा जितकी उभी, तितका विरोध जास्त. ४१.२ अंशांच्या रेषेत गुरुत्व त्वरणाचा, म्हणजे ९.८१ पैकी, ६.४६ एवढा भाग आडवा येतो, ३८ अंशांत ६.०४. हात शेवटच्या टप्प्यात गोळा १.६ मीटर ढकलतो असं धरू, आणि स्नायूंचा जोर दोन्ही वेळा सारखाच. तेवढ्या अंतरात हा छोटासा फरक साठत जातो आणि सुटतानाचा वेग सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरहून थोडा जास्त वाढतो.

त्याचा हिशोब: कोन ४१.२ वरून ३८ वर आणल्याने पल्ल्यातून गेले सात-आठ सेंटिमीटर. वाढलेल्या वेगाने मिळाले साडेतेरा. निव्वळ नफा सुमारे सहा सेंटिमीटर.

हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी खडू खाली ठेवला. ज्या सहा सेंटिमीटरांवर पदकाचा रंग ठरला तेवढेच सेंटिमीटर "चुकीच्या" कोनात टाकून मिळतात. अर्थात १.६ मीटर हे माझं गृहीतक आहे, ते बदललं की आकडाही बदलेल. शिवाय हात खाली झुकला की सुटण्याची उंचीही दोन-तीन सेंटिमीटरने उतरते आणि नफ्यातला निम्मा भाग परत जातो. पण त्याच्या उलट बाजूला स्नायू आहेत. माणूस पुढे ढकलताना जास्त ताकद लावतो, वर ढकलताना कमी. व्यायामशाळेत बाकावर आडवं पडून जेवढं वजन उचलता तेवढं उभं राहून डोक्यावर नेता येतं का बघा. म्हणून कोन उतरवण्याचा खरा फायदा माझ्या हिशोबाहून मोठाच असतो, आणि तो प्रत्येकाच्या बांध्याप्रमाणे वेगळा. सर्वांना लागू असा एक सर्वोत्तम कोन नाहीच. प्रशिक्षक जे "तुझा कोन" म्हणतात त्यामागे हे गणित आहे, त्यांनी ते कधी मांडलं नसलं तरी.

वेग, कोन आणि उंची या तीन गोष्टी सूत्रात सुट्या दिसतात. हवेत गेलेल्या गोळ्यासाठी त्या सुट्या आहेतच. हातातल्या गोळ्यासाठी त्या एकमेकींच्या मानगुटीवर बसलेल्या असतात.

सात फूट दोन इंच

आता उंची. ग्रेग स्टुअर्ट सात फूट दोन इंच आहेत, म्हणजे २.१८ मीटर. मी खिलारींचा गोळा ज्या उंचीवरून सोडला तेवढं स्टुअर्ट यांचं डोकंच आहे. त्यांचा हात २.५ मीटरवरून गोळा सोडतो असं धरलं, तर दोघांच्या हातांत तीस सेंटिमीटरचा फरक पडला. पल्ल्यात तो २६ सेंटिमीटर होतो. समान वेगाने दोघांनी टाकलं तर खिलारी २६ सेंटिमीटरने मागे राहायला हवेत. राहिले सहाने.

उलट बाजूने मोजू. २.५ मीटरवरून १६.३८ गाठायला सेकंदाला ११.७५ मीटर पुरतात. २.२ वरून १६.३२ ला ११.८३ लागतात. माझ्या गृहीतकांवर विसंबायचं तर त्या दिवशी रौप्यपदकाचा गोळा सुवर्णपदकाच्या गोळ्यापेक्षा वेगाने सुटला होता. वर्गात हे सांगितलं की टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की मी आठवण करून देतो की उंच माणसाला उंचीचं भांडवल फुकट मिळत असलं तरी एवढं मोठं धूड २.१३५ मीटरच्या वर्तुळात झपाट्याने वळवणं आणि बोर्डपाशी थांबवणं हा वेगळाच व्याप आहे. त्यातही एका बाजूचा हात पूर्ण नाही. गोळाफेकीत मोकळा हात शोभेला नसतो. तो आधी झोकाने उघडायचा आणि ऐन वेळी अंगाशी आवळून धड थांबवायचं, की फेकणारा खांदा पुढे उसळतो. एफ-४६ गटातल्या प्रत्येकाला हा तोल आपापल्या पद्धतीने नव्याने बसवावा लागतो. खिलारींना शाळकरी वयात सायकलवरून पडून इजा झाली, गँगरीन होऊन हात निकामा झाला. सुरुवातीला ते भालाफेकीत होते, खांद्याच्या दुखापतीनंतर गोळ्याकडे वळले. शिक्षणाने ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, तेव्हा वरची सगळी आकडेमोड त्यांनी माझ्यापेक्षा आधी केली असण्याचीच शक्यता जास्त.

हवेबद्दल प्रश्न येतोच, म्हणून तेवढं उरकून घेऊ. या वेगाला गोळ्यावरचा हवेचा रोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी असतो. पल्ल्यात काही सेंटिमीटर तो खातो, पण तिघांचेही साधारण सारखेच. भाला किंवा थाळी असती तर हे वाक्य लिहिता आलं नसतं, तिथे हवा अर्धा खेळ खेळते. गोळा हा अकरावीच्या पुस्तकाशी सर्वांत इमानदार राहणारा खेळ आहे.

राहिलं गुरुत्व. ते सगळीकडे ९.८ असं आपण लिहितो, पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे आणि फिरते आहे, त्यामुळे विषुववृत्ताकडे जाल तसं ते किंचित कमी होतं. पॅरिस ४९ अंश अक्षांशाजवळ, तिथे ९.८१. माणदेश, म्हणजे करगणीचा मुलूख, सतरा-साडेसतरा अंशांवर, शिवाय समुद्रसपाटीपासून वर, तिथे सुमारे ९.७८. फरक पाव टक्क्याचा. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हा हिशोब मी न सांगता करून आणला: पॅरिसमधली तीच फेक, तोच वेग, तोच कोन, फक्त करगणीच्या माळावर. उत्तर १६.३६.

"तरी दोन सेंटिमीटर कमीच पडतात, सर," ती म्हणाली. शेजारची म्हणाली, "अगं, आणि स्टुअर्टना पण आटपाडीला आणलंस तर ते १६.४२ टाकतील की." दोघींचं गणित बरोबर होतं.